दोन सूत

नेरूळला, सेक्टर आठमध्ये, पतपेढीच्या वरच्या मजल्यावर
चपला काढल्या, तर टिपणीस बाईंनी
त्या उचलून उलट्या करून पाहिल्या.
म्हणाल्या, मढवी काका, तुम्ही बाहेरच्या कडेवर चालता.
टाचेचं रबर एका अंगाला पार झिजलेलं.
सदतीस वर्षं मी लोकांच्या भिंती तपासल्या,
स्वतःची चप्पल कधी उलटून पाहिली नव्हती.

आतलं सामान बघून बरं वाटलं.
लाकडी विटा, थरावर थर.
भिंतीतल्या हुकांना दोऱ्या.
पाठ कापून टाकलेल्या लोखंडी खुर्च्या,
पट्टे, घोंगड्या, लोड, वाळूच्या पिशव्या.
साइटच होती ती, फक्त झाडलेली.
एक वीट उचलून बोटांनी मापली:
नऊ, साडेचार, तीन.
आमचंच माप. वजन मात्र पोरकट.

पहिलं आसन म्हणजे उभं राहणं.
बाकी काही नाही.
(घरी सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं,
याचे पैसे भरलेत?)
पण उभं राहता येईना.
बाई सांगत होत्या,
अंगठ्याचं मूळ खाली, टाचेची आतली कड खाली,
गुडघ्याची वाटी वर,
कान खांद्यावर, खांदा कमरेवर, कंबर घोट्यावर.
ओळंबा, मी म्हणालो.
काय म्हणालात?
दोरीला पितळेचा लंबक. वरून सोडायचा.
हलायचा थांबला की खरं सांगतो.
हलायचा थांबला की,
बाई पुन्हा म्हणाल्या, स्वतःशीच.

मग भिंतीला पाठ.
टाचा टेकल्या, कुल्ले टेकले, डावा फरा टेकला.
उजवा टेकेना.
खांदा मागे घ्या काका.
म्हटलं, बाई, खांदा नाही, भिंत.
दोन सूत आत आहे, इथे, उजवीकडे, छातीच्या उंचीला.
वर्गातली पोरं हसली.
मला हसू आलं नाही.
ही इमारत माझ्या हाताखाली उभी राहिली, सत्त्याऐंशी साली.
परांचीवरून पडलो होतो, त्याच्या दुसऱ्या आठवड्यात
कमरेला पट्टा बांधून आलो
आणि वाकून न बघता ही भिंत पास केली.
प्लास्टरमध्ये जाईल, म्हटलं.
गेलीही. डोळ्यांपुरती.

बाईंनी वाद घातला नाही.
घोंगडीची चौघडी करून फऱ्यामागे सरकवली.
खांदा खाली आला,
पाळी संपवून घरी आलेल्या माणसासारखा,
न बोलता.

पुढे वाकायचं, तर हात जमिनीला पोचेनात.
त्यांनी हाताखाली वीट दिली. तरी नाही. दुसरी दिली.
शेजारची मुलगी विटेशिवाय, तळवे टेकवून मोकळी.
लाज वाटली. विचारलं,
हे टेकू किती दिवस लागायचे?
आणि विचारता विचारता
माझंच ओरडणं कानावर आलं,
सीवूड्सच्या साइटवर, सेंटरिंगवाल्या जयवंतावर:
एकवीस दिवसांच्या आत एक जरी टेकू काढलास
तर स्लॅब तुझ्या डोक्यात घालीन.
बाई म्हणाल्या, तुम्हीच सांगा.
मी काही सांगितलं नाही.
विटांवर हात ठेवून राहिलो. कंबर
हळूहळू, करकरत, लांब झाली.

शेवटी आडवं पडायचं, मांड्यांवर वाळूच्या पिशव्या.
वाळू कुठली, विचारलं.
त्यांना ठाऊक नव्हतं.
शिवणीतून चार दाणे बोटाला लागले,
सवयीने जिभेवर ठेवले.
खारी निघाली की मी ट्रक माघारी धाडायचो.
ही नदीची होती.
डोळे मिटले.

निघताना भिंतीवरून हात फिरवला. दोन सूतच.
चपला घातल्या,
टाचेची आतली कड टेकवत जिना उतरू लागलो.
तिसऱ्या पायरीला विसरलो.